वळण



"हिला काही वळण नाही." हे वाक्य आपल्यापैकी जिनं ऐकलं नाही, अशी बाई मावळात शोधून सापडायची नाही. पाय पसरून बसलं की वळण नाही, मोठ्यानं हसलं की वळण नाही, पाहुण्यांसमोर पदर सुटला की वळण नाही. मुलग्यांनाही वळण लावतात म्हणे, पण त्यांचं अक्षराला लागलं तरी घरचे खूश असतात. आपलं मात्र उठण्याबसण्यापासून केसांच्या भांगापर्यंत सगळ्याला लागतं.

आता याच वळणाला ग्रूमिंग असं नाव आलंय आणि त्याचे क्लास निघालेत. लोणावळा-खंडाळ्याच्या हॉटेलांत स्वागतकक्षावर उभं राहायचं, तर केस घट्ट बांधलेले, नखं कापलेली, साडीच्या निऱ्या पिन लावून नीट आणि चेहऱ्यावर हसू, हे शिकावं लागतं. आजूबाजूच्या गावांतल्या पोरी ते शिकतात, त्यावर पगार मिळवतात आणि घर चालवतात. हे शिकवणाऱ्या बायकाही त्यावर पोट भरतात. मुंबईत सबीरा मर्चंट यांचं नाव यात मोठं. रंगभूमी आणि दूरदर्शन गाजवलेल्या या बाईंनी मिस इंडियाच्या स्पर्धक मुलींना बोलायचं कसं, वागायचं कसं याचे धडे दिले. तेव्हा आमच्या मनात आलं, की वळण शिकवून स्वतःच्या पायावर उभी राहिलेली आपल्याकडची पहिली बाई कोण असेल? शोधता शोधता आम्ही पोचलो पंडिता रमाबाईंपाशी. रमाबाई म्हटलं की विधवांचा आश्रम आठवतो, केडगाव आठवतं, धर्मांतराचा वाद आठवतो. पण त्यांचं पहिलं पुस्तक बायकांच्या वागणुकीवरचं होतं, हे फारसं कुणी सांगत नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, म्हणून गावानं नावं ठेवली. हे कुटुंब पुराणं सांगत देशभर पायी फिरलं. दुष्काळात १८७४ साली आईवडील गेले. रमाबाई भावाबरोबर चालत राहिल्या आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांचं संस्कृत ऐकून 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला. रमाबाईंनी जातीबाहेरच्या एका बंगाली वकिलाशी, बिपिनबिहारी मेधावींशी लग्न केलं. मुलगी झाली, तिचं नाव मनोरमा. आणि १८८२ च्या फेब्रुवारीत नवराही गेला. चोविशीही पुरी व्हायची होती, तोवर आईबाप नाहीत, भाऊ नाही, नवरा नाही, कडेवर तान्ही मुलगी. अशा अवस्थेत त्या पुण्याला आल्या.

आल्या त्याच वर्षी त्यांनी दोन कामं केली. एक, आर्य महिला समाज काढला. दुसरं, 'स्त्रीधर्मनीति' हे मराठी पुस्तक लिहून छापलं. बाईनं विद्या मिळवावी, विनयानं वागावं, नवऱ्याशी कसं असावं, घर कसं टापटीप ठेवावं, मुलं कशी वाढवावीत, असं सगळं त्यात आहे. आज ते वाचायला घेतलं तर आपल्याला थोडा रागच येतो. बायका अज्ञानी आहेत, आळशी आहेत, त्यांनी सुधारावं, असा सूर जागोजागी आहे. मराठी भाषाही संस्कृतानं जड झालेली. रमाबाईंचं सगळं वाढणं महाराष्ट्राबाहेरचं, त्याचा तो परिणाम.

पण एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. सगळ्या उपदेशाच्या मुळाशी त्यांनी ठेवलंय ते स्वावलंबन. दुसऱ्यावर ओझं होऊ नका, स्वतः शिका, स्वतः कष्ट करा. सासूनं लावलेलं वळण आणि रमाबाईंनी सांगितलेलं वळण यात फरक पडतो तो इथं. आणि या पुस्तकाच्या विक्रीतून आलेल्या पैशांची रमाबाईंना त्यांच्या इंग्लंडच्या प्रवासाला मदत झाली. विधवा बाई, पदरी लहान मूल, आणि समुद्र ओलांडायच्या खर्चाला हातभार लावला कशानं, तर बायकांनी कसं वागावं या पुस्तकानं! त्या काळच्या शिस्तीत विधवेनं घराबाहेरही पडायचं नव्हतं. शिस्तीचं पुस्तक लिहून मिळालेल्या पैशातून शिस्त मोडायची, ही गंमत रमाबाईंना तेव्हा जाणवली असेल की नाही कोण जाणे. आम्हाला ती फार आवडते.

त्याच १८८२ साली, त्याच पुण्यात, आणखी एका बाईचं पुस्तक छापलं गेलं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं 'स्त्रीपुरुषतुलना'. सुरतेच्या एका विधवेला स्वतःच्या बाळाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली होती आणि त्यावरून वर्तमानपत्रांतून सगळ्याच बायकांच्या वागणुकीला नावं ठेवणं चाललं होतं. ताराबाई चिडल्या. बायकांना जे दोष लावता ते पुरुषांत नाहीत काय, असं त्यांनी एकेक दोष हातात घेऊन विचारलं. रमाबाई बायकांना सांगत होत्या की नीट वागा. ताराबाई पुरुषांना विचारत होत्या की तुमचं काय. दोघी कधी भेटल्या होत्या का, असं मनात येतं. जोतीराव फुल्यांनी ताराबाईंची बाजू घेतली, पण पुस्तकावर टीका इतकी झाली की ते पुढं विस्मरणात गेलं. १९७५ साली ते पुन्हा छापलं गेलं, तेव्हा कुठं लोकांना कळलं की अशी बाई होऊन गेली. वळण लावणारं पुस्तक समुद्रापार नेऊ शकलं आणि वळणाबद्दल प्रश्न विचारणारं पुस्तक त्र्याण्णव वर्षं पडून राहिलं.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला निघाल्या. भोर घाटातली रेल्वे तेव्हा वीस वर्षांची झाली होती, आणि पुण्याहून मुंबईची वाट आपल्या लोणावळ्या-खंडाळ्यातूनच जात होती. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण ऐकू कमी येत असल्यामुळं ते जमलं नाही. त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला, त्यावरून इकडं मोठं वादळ उठलं. पण तिकडं गेल्यावर इंग्लंडचं वळण त्यांनी मुकाट्यानं लावून घेतलं नाही. मांस खाल्लं नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, मला तर संस्कृत येतं, असा वाद त्यांनी धर्मगुरू-भगिनींशी घातला. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या स्वतः शिकल्या आणि संस्कृतही शिकवलं. १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींना डॉक्टरकीची पदवी मिळताना पाहायला. तिथंच त्यांनी इंग्रजीत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवर पुस्तक लिहिलं.

पाच वर्षांत ही बाई किती बदलली ते या दोन पुस्तकांत दिसतं. पहिल्यात बायकांना रागावणं होतं. दुसऱ्यात बालविवाह, सक्तीचं वैधव्य, विधवांचं केशवपन हे सगळं जगासमोर मांडलं आणि मदत मागितली. वळण बायकांना लावून भागणार नाही, हे त्यांना कळलं होतं.

आता केसांचंच बघा ना. आपण केस धुतो, विंचरतो, तेल लावतो, मेंदी लावतो, ब्यूटी पार्लरात जाऊन कापून घेतो. तेव्हाच्या वरच्या म्हणवणाऱ्या जातींत विधवा झालेल्या पोरीचे केस न्हाव्याकडून उतरवून घेत, आणि पुन्हा वाढू देत नसत. दहा-बारा वर्षांची पोर असली तरी. याला वळणच म्हणत होते लोक. १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं सभा घेतली आणि विधवांचे केस उतरवणार नाही असं ठरवलं. वस्तरा हातात असलेल्यांनीच हात आखडता घेतला! शाळा-कॉलेजं शिकलेल्यांनी व्याख्यानं दिली, पण कामाला नकार दिला तो कष्टकरी माणसांनी. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात मोठ्या अक्षरांत असायला हवी.

रमाबाई परतल्या आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत त्यांनी शारदा सदन सुरू केलं. तिथं आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. ती पुढं महर्षी कर्व्यांची पत्नी आनंदीबाई झाली. सदनात शिकणं होतं, शिकवायला शिकणं होतं आणि नेटकेपणाही होता. केस वाढवायचे की नाही हे जिचं तिनं ठरवायचं. पुढच्याच वर्षी सदन पुण्याला आलं. १८९३ मध्ये मुलींना ख्रिस्ती करतात असा आरोप झाला, वर्तमानपत्रांत रान उठलं, रानड्यांसारखे सल्लागार बाजूला झाले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिलं गेलंय. आम्ही आज त्यात शिरत नाही.

याच सुमाराला आपल्या मावळात वळणाची एक निराळीच शाळा उभी राहिली. मळवली स्टेशन आपल्याला माहीत आहे. कार्ल्याला, भाज्याला, एकवीरेला जाणारे लोक तिथं उतरतात. त्या मळवलीत राजा रविवर्म्याचा छापखाना होता. रविवर्मा त्रावणकोरकडचा चित्रकार. मोठ्या लोकांसाठी तैलचित्रं काढायचा. या चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात असं त्यांना सर टी. माधवराव या दिवाणांनी सुचवलं होतं. १८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू झाला, आणि प्लेगच्या धामधुमीत १८९९ च्या सुमाराला तो मळवलीला आला. जर्मनीहून यंत्रं आणली होती. दगडावर चित्र उतरवायचं आणि एकेका रंगाला निराळा दगड वापरत एकावर एक रंग छापायचे. पुढं फ्रिट्झ श्लायशर या जर्मन कारागिरानं तो विकत घेतला आणि चालवला.

तिथून लक्ष्मी निघाली, सरस्वती निघाली, शकुंतला, दमयंती निघाली. घराघरांतल्या देवघरांत आणि भिंतींवर गेली. काही हौशी बायका छापील लक्ष्मीच्या साडीवर खरी जर, टिकल्या, कापड चिकटवून तिला नटवत. आणि तिच्याकडं बघून स्वतः नटत. साडी कशी नेसावी, पदर कुठून घ्यावा, कानात काय, नाकात काय, बसताना मान किती कलती ठेवावी, हे सगळं त्या चित्रात होतं. वाचता येत नसलेल्या बाईलाही ते कळायचं. रमाबाईंचं संस्कृतानं जड झालेलं पुस्तक किती जणींना वाचता आलं असेल? मळवलीचं चित्र मात्र सगळ्यांना वाचता येत होतं.

आमचं मत सांगतो. ही चित्रं सुंदर आहेत, पण त्यांनी एकच रूप पक्कं केलं. गोरी, भरल्या अंगाची, दागिन्यांनी मढलेली, शांत. ज्या मावळात ती छापली जात होती तिथली बाई काष्टा वर खोचून गुडघाभर चिखलात भाताची लावणी करत होती. पायात काही नाही, डोक्यावर इरलं. नऊवारी तिचीही आणि लक्ष्मीचीही, पण चित्रातली नऊवारी चिखलात उतरायची नव्हती.

साडी नेसायची रीत शिकवण्याचं श्रेय घ्यायचं तर ते खरं एका बंगाली बाईला द्यायला हवं. ज्ञानदानंदिनी देवी, रवींद्रनाथ टागोरांच्या थोरल्या वहिनी. नवरा सत्येंद्रनाथ मुंबई इलाख्यात सरकारी अधिकारी, म्हणून १८६० च्या दशकात त्या मुंबईला आल्या आणि पारशी कुटुंबात राहिल्या. बंगालमध्ये तेव्हा साडीखाली काही घालायची पद्धत नव्हती, तशी साडी नेसून घराबाहेर पडणं अवघड. पारशी बायकांचं बघून त्यांनी परकर, पोलकं आणि निऱ्यांची साडी घेतली, आणि कलकत्त्याला परत गेल्यावर इतर बायकांनाही ती नेसायला शिकवली. ती पद्धत पुढं देशभर बदलत, मिसळत गेली. आज हॉटेलात पिन लावून साडी नेसणाऱ्या आपल्या पोरींपर्यंत तिचा एक धागा येतो. घराबाहेर पडायचं म्हणून ती शोधली होती, हे महत्त्वाचं.

मळवलीच्या छापखान्याची आणखी एक गोष्ट. दादासाहेब फाळके काही काळ या छापखान्यासाठी चित्रांच्या छपाईचं काम करत. पुढं १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट काढला, तेव्हा तारामतीचं काम करायला एकही बाई मिळाली नाही. शेवटी साळुंके नावाच्या पुरुषानं साडी नेसली. नाटकातही तेच. बालगंधर्व स्टेजवर आले की त्यांचा शालू, त्यांचा गजरा, चालण्यातला डौल बघायला बायका यायच्या आणि घरी जाऊन तसं करून बघायच्या. बाईनं कसं दिसावं ते चित्रकारानं ठरवलं, नटानं दाखवलं आणि बायकांनी शिकून घेतलं. बालगंधर्वांच्या गाण्याबद्दल आम्हाला सगळा आदर आहे. पण आपल्या आज्या-पणज्यांना गजरा माळायला एका पुरुषानं शिकवलं, हे ऐकून हसू येतंच की नाही?

रमाबाई तोवर केडगावात होत्या. केडगावही आपल्याच पुणे जिल्ह्यातलं, दौंडच्या वाटेवरचं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि रस्त्यांवर, छावण्यांत अन्नावाचून पडलेल्या मुली घेऊन आल्या. पुढं गुजरातच्या दुष्काळातल्याही आणल्या. शेकडो मुली झाल्या. त्यांना कसलं वळण लावणार? आधी पोटात अन्न, मग अंगावर धड कपडा. मग अक्षरओळख. मग काम. शेती, गायीम्हशी, विणकाम, तेलाचा घाणा, आणि छापखाना.

हा छापखाना आम्हाला फार मोठा वाटतो. रमाबाई तिथं स्वतः बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, अडाणी बाईलाही समजेल अशा सोप्या मराठीत. 'स्त्रीधर्मनीति'ची जड भाषा त्यांनी टाकून दिली होती. खिळे जुळवणं, पानं छापणं, ही कामं आश्रमातल्या बायका करत. दुष्काळातून उचलून आणलेल्या, मूळच्या निरक्षर मुली.

एकाच रेल्वेच्या मार्गावरचे हे दोन छापखाने. मळवलीच्या छापखान्यातून बायका छापून बाहेर पडत होत्या. केडगावच्या छापखान्यात बायका छापत होत्या. हातांना शाई, नखांत काळं. आजच्या कुठल्याही ग्रूमिंगच्या वर्गात अशी नखं चालली नसती.

म्हणून नेटकेपणा वाईट, असं आम्ही म्हणत नाही. स्वच्छ कपडे, सरळ मान, न अडखळता बोलणं यानं बाईला बळ येतं, हे आम्ही आपल्या बचतगटांत बघतो. बँकेत जाताना आपणही चांगली साडी काढतोच की. पण क्लासला फी भरणाऱ्या पोरींना आमचं एक सांगणं आहे. तिथं हसायचं कसं ते शिकवतात. उद्धट गिऱ्हाईकाला, अंगचटीला येणाऱ्या पाहुण्याला, रात्री उशिरापर्यंत थांबवून घेणाऱ्या साहेबाला नाही कसं म्हणायचं, ते शिकवतात का, हे फी भरण्याआधी विचारा. आणि शिकवत नसतील तर का नाही, तेही विचारा.

रमाबाईंची मनोरमा १९२१ साली गेली. आईचं काम पुढं न्यायला तयार झालेली मुलगी आईच्या आधी गेली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. भाषांतर त्यांनी हातावेगळं केलं होतं. केडगावचा आश्रम आजही आहे. मळवलीच्या छापखान्याला १९७२ साली आग लागली आणि त्यात पुष्कळ काही जळून गेलं. जुन्या घरांच्या भिंतींवर मात्र त्याच्या लक्ष्म्या अजून आहेत. तुमच्या माजघरात एखादी असेल, तर तिच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव आहे का ते बघा, आणि आम्हाला कळवा.